नुसती ‘ली’ जुळून भागत नाही: इंग्रजी क्रियाविशेषणांची यमकं आणि त्यांचे अर्थ

गेल्या पावसाळ्यात भाची शाळेच्या हस्तलिखितासाठी लिहिलेली इंग्रजी कविता घेऊन माझ्याकडे आली. चार ओळी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक क्रियाविशेषण: क्विकली, स्लोली, हॅपिली, बॅडली. बाईंनी समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘यमक नाही’. भाची फुरंगटलेली. “मामा, चारही ठिकाणी ‘ली’ आहे की! अजून काय जुळायचं राहिलंय?”

प्रश्न रास्त होता. मी तिला आधी मराठीतच विचारलं, “‘पटकन’ला यमक सांग.” लगेच आलं, “चटकन.” अजून? “झटकन, मटकन.” बरं, ‘पटकन’ला ‘धाडकन’ चालेल? आता ती थांबली. “चालेल तसं... पण मजा नाही.” मग ‘धाडकन’ला काय? “खाडकन, काडकन.”

इंग्रजीतलं गुपित एवढंच आहे. ‘कन’ हे त्या सगळ्या शब्दांचं आडनाव आहे. आडनाव एक असलं म्हणून दोन माणसं सारखी दिसत नाहीत. यमक जुळतं ते ‘कन’च्या आधी, ‘अट’ आणि ‘आड’मध्ये. इंग्रजीतली ‘ली’ हे तसंच एक आडनाव. फरक असा, की मराठी कान ‘धाडकन’ला निदान चालवून तरी घेतो. इंग्रजी कान ‘क्विकली’ आणि ‘स्लोली’ला यमक म्हणून उभंच करत नाही.

जोर कुठे आहे ते आधी शोधा

इंग्रजी शब्दात एका अक्षरावर बाकीच्यांपेक्षा जास्त जोर असतो. व्याकरणात त्याला आघात म्हणतात. पक्क्या यमकाचा नियम या जोरावर उभा आहे: ज्या स्वरावर जोर पडतो तो स्वर आणि त्याच्यानंतर येणारं सगळं सारखं हवं, आणि त्या स्वराच्या लगेच आधीचं व्यंजन किंवा जोडव्यंजन वेगळं हवं. ‘ली’वर जोर पडत नाही, त्यामुळे ती जुळली तरी पदरात काही पडत नाही.

‘क्विकली’त जोर ‘इ’वर आहे. म्हणजे ‘इकली’ एवढा तुकडा जुळायला हवा: थिकली, सिकली, प्रिकली. ‘स्लोली’त ‘ओली’ जुळायला हवं: होली, लोली, सोल-ली. ‘बॅडली’ला सॅडली, ग्लॅडली, मॅडली. बाईंचा शेरा बरोबर होता. भाचीच्या चार ओळी चार वेगवेगळ्या घरच्या होत्या.

आता हा जोर ऐकायचा कसा? मराठीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर दिला काय, न दिला काय, अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपल्या कानाला ती सवय नसते. मी मुलांना एक युक्ती सांगतो. समोरच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारायची आहे अशा आवाजात तो शब्द ओरडून बघा. पो-लाऽऽइट-ली. सिन्-सीऽऽअर-ली. जे अक्षर आपोआप ताणलं जातं, तिथे जोर. अर्थात हे जमायला आधी तो शब्द कुणाकडून तरी नीट ऐकलेला असावा लागतो. नसेल तर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवा, आणि शेजारच्या उच्चारलिपीत वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ शोधा. ती रेघ ज्या अक्षराच्या आधी असेल, जोर त्या अक्षरावर. खालच्या बाजूला रेघ असेल तर तो दुय्यम जोर. यमकासाठी त्याच्याकडे बघू नका.

जोराच्या आधी कितीही अक्षरं असली तरी ती मोजायची नाहीत. म्हणून ‘टाइटली’ला ‘पोलाइटली’ बेधडक जुळतो. ‘क्लिअरली’ला ‘सिन्सिअरली’ आणि ‘सिव्हिअरली’ जुळतात. ‘जेंटली’ला ‘इन्टेंटली’ जुळतो. पण ‘जेंटली’ला ‘एव्हिडंटली’? स्पेलिंग बघून मोह होतो, मात्र ब्रिटिश उच्चारात जोर सुरुवातीच्या ‘ए’वर आहे. यमक गेलं.

‘ली’ काढा, विशेषणाला यमक शोधा, ‘ली’ परत लावा

‘ली’ लागल्यानं मूळ विशेषणाचा जोर सहसा हलत नाही. हा आपला मोठा फायदा. ‘ब्राइटली’ला यमक हवं असेल तर ‘ब्राइट’ला शोधा: लाइट, टाइट, राइट, स्लाइट, पोलाइट. प्रत्येकाला ‘ली’ चिकटवा: लाइटली, टाइटली, राइटली, स्लाइटली, पोलाइटली. एका झटक्यात पाच मिळाले, आणि पाचही खरेखुरे शब्द आहेत.

हे शेवटचं तपासायला मात्र विसरू नका. ‘फास्ट’ला ‘ली’ लागत नाही. ‘फास्टली’ असा शब्द नाही, क्रियाविशेषण म्हणूनही ‘फास्ट’च राहतो. ‘बोल्डली’ला ‘कोल्डली’ मिळतो, ‘ओल्डली’ मिळत नाही. यमकाच्या नादात नवा शब्द पाडला की वाचणारा कवितेकडे न बघता त्या शब्दाकडेच बघत बसतो.

या रीतीनं घराणी जमवत गेलात तर आठवडाभरात वही भरते. काही माझ्या वहीतली:

लेटली, ग्रेटली, सिडेटली, स्टेटली.
रेअरली, बेअरली, फेअरली, स्क्वेअरली.
डीपली, चीपली, स्टीपली.
हायली, शायली, स्लायली, ड्रायली.
प्युअरली, सिक्युअरली, ऑब्स्क्युअरली.
काइंडली, ब्लाइंडली.
लाउडली, प्राउडली.
रीसंटली, डीसंटली.
मोस्टली, घोस्टली.

‘ओन्ली’ला ‘लोन्ली’ हा एकच चांगला जोडीदार, म्हणून गाणी लिहिणाऱ्यांनी तो झिजवून टाकलाय. ‘आयडली’ म्हणजे निवांत, रिकामटेकडेपणानं. त्याला ‘वाइडली’ जुळतो. उडप्याच्या पाटीवर ‘आय-डी-एल-वाय’ असं स्पेलिंग बरेचदा दिसतं, तेव्हा मला तिथल्या इडल्या आळसावून पडल्यासारख्या वाटतात.

स्पेलिंगवर आणि देवनागरीवर विश्वास ठेवू नका

यमक कानाचं असतं. ‘रफली’ आणि ‘ग्रफली’ यांचं स्पेलिंग एकमेकांच्या जवळपासही नाही, पण यमक पक्कं आहे. उलट ‘वाइजली’ आणि ‘प्रिसाइसली’ कागदावर जुळल्यासारखे दिसतात, आणि कानाला एकात ‘ज’ ऐकू येतो, तोही ‘जाड’मधला, दुसऱ्यात ‘स’. ‘प्रिसाइसली’चं घर वेगळं: नाइसली, कन्साइसली.

आपल्या लिपीचाही एक सापळा आहे. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाबाबत सैल असतो, आणि तोच सैलपणा इंग्रजीत नेतो. ‘फुली’ ऱ्हस्व आहे. त्याला ‘बुली’ आणि ‘वुली’ जुळतात. ‘ट्रूली’ दीर्घ आहे. त्याला न्यूली, ड्यूली, कूली आणि अनरूली जुळतात. ‘फुली’ आणि ‘ट्रूली’ एकमेकांना जुळवणारे मराठी कवी मी पुष्कळ पाहिलेत. मी त्यातलाच एक होतो.

‘होली’ म्हणजे पवित्र, आणि डब्ल्यूनं सुरू होणारा ‘होल-ली’ म्हणजे संपूर्णपणे. बरेच इंग्रजी भाषक दोन्ही एकसारखेच उच्चारतात. मग आधीचं व्यंजनही एक झालं, म्हणजे ते यमक राहिलं नाही, तोच शब्द दोनदा आला असं कानाला वाटतं. ‘स्लोली’शी दोघांनाही जोडा, एकमेकांशी जोडू नका.

लांब शेपटीवाले शब्द

‘हॅपिली’त जोर ‘हॅ’वर आहे, म्हणजे ‘ॲपिली’ हे सगळं जुळायला हवं. मिळतो तो ‘स्नॅपिली’. शेपूट लांब तितके सोबती कमी, पण मिळतात ते झकास असतात: रेडिली–स्टेडिली, मेरिली–व्हेरिली, ईझिली–ब्रीझिली, लकिली–प्लकिली. सगळ्यात आवडती जोडी ‘ब्यूटिफुली’ आणि ‘ड्यूटिफुली’. अशी तीन-चार अक्षरांची यमकं इंग्रजी कानाला गमतीदार लागतात. विनोदी कवितेत ती सोन्यासारखी, शोकगीतात घातलीत तर लोक हसतील.

‘बेसिकली’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि उच्चार बरोबर करतो. स्पेलिंगमध्ये मध्ये एक ‘ए’ आहे, तो बोलताना गिळला जातो. या घरातल्या शब्दांचा नियम सोपा आहे: ‘इक’च्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर. हिस्टॉरिकली, कॅटेगॉरिकली, ऱ्हेटॉरिकली, मेटाफॉरिकली, चौघांतही ‘ऑरिकली’ सापडतं. ‘प्रॅक्टिकली’ला ‘टॅक्टिकली’. तसंच ‘मेंटली’ला ‘ॲक्सिडेंटली’.

‘प्रायमरिली’सारखे शब्द थोडे नाठाळ. पारंपरिक ब्रिटिश उच्चारात जोर ‘प्राय’वर, अमेरिकी उच्चारात ‘मे’वर. अमेरिकन माणूस ‘प्रायमेरिली’ला ‘व्हेरिली’ जुळवील आणि ते बरोबर असेल. उलट ‘निअरली’ आणि ‘रिअली’ ब्रिटिश कानाला जुळतात, अमेरिकन ‘निअरली’तला ‘र’ स्वच्छ म्हणतो म्हणून तिथे अडतं. एका कवितेत एकच उच्चारपद्धत धरा.

‘ली’ नसलेली क्रियाविशेषणं

नवशिक्यांना माझा सल्ला असतो की सुरुवात इथून करा. ही छोटी, रोजची आणि उदार असतात. ‘सून’ला मून, नून, ट्यून. ‘नाऊ’ला हाऊ, काऊ, अलाऊ. ‘ट्वाइस’ला राइस, नाइस. ‘नेव्हर’ला एव्हर, क्लेव्हर, फॉरेव्हर. ‘टुगेदर’ला वेदर, फेदर, लेदर. ‘टुमॉरो’ला सॉरो, बॉरो. ‘इन्स्टेड’ला ब्रेड, हेड आणि ‘सेड’. ‘अलाउड’ला क्लाउड. ‘अगेन’ तर दुहेरी सोय आहे: ‘अगेन’ म्हटलं तर पेन आणि मेन, ‘अगेऽन’ असं ताणून म्हटलं तर रेन आणि ट्रेन. दोन्ही उच्चार शिष्टसंमत.

‘ऑफन’मधला ‘ट’ न उच्चारता म्हटला तर ‘सॉफन’ मिळतो, आणि त्याही शब्दात ‘ट’ मुकाच आहे. ‘सेल्डम’ला एका शब्दात जोडीदार मिळत नाही, पण ‘हेल्ड देम’ भरभर बोलताना ‘हेल्ड-अम’ होतं आणि काम भागतं. दोन शब्द जोडून केलेलं असं यमक इंग्रजीत पूर्वापार चालत आलंय.

‘सडन्ली’ आणि ‘हार्डली’ यांच्यापुढे मात्र मी हात टेकतो. ते ओळीच्या शेवटी येऊच देऊ नका. इंग्रजीत क्रियाविशेषण वाक्यात बऱ्याच जागी बसतं. त्याला सुरुवातीला किंवा क्रियापदाच्या आधी सरकवा आणि ओळीचा शेवट एखाद्या साध्या नामावर करा. खरं तर ‘ली’वाल्या कुठल्याही शब्दाबाबत हाच पर्याय आधी आजमावून बघावा.

पक्कं यमक नसेल तर कच्चं चालतं का? चालतं, फक्त सगळ्या कवितेत एकच शिस्त पाळा. त्यात निदान जोराचा स्वर तरी जुळू द्या: क्विकली–सिम्पली, स्लोली–ओन्ली, लेटली–सेफली–ब्रेव्हली. गाण्यांत हे सर्रास असतं.

यंत्राची मदत घेताना

यमककोश ही जुनी गोष्ट आहे. जॉन वॉकर यांनी १७७५ साली इंग्रजी शब्द शेवटच्या अक्षराकडून उलटे लावून कोश काढला. त्या मांडणीत एल-वायवाले सगळे शब्द एका ढिगात येतात, आणि त्यात जोराचा हिशेब नसतो. आजची साधनं त्याहून शहाणी आहेत, कारण ती उच्चारावर चालतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत उच्चारकोश १,३४,००० हून अधिक शब्दांचा आहे. त्यात स्वराला चिकटून आकडा असतो: मुख्य जोराला १, दुय्यमला २, जोर नसेल तर ०. ‘स्लोली’त ‘ओ’पाशी १ आणि शेवटच्या ‘ई’पाशी ०. उच्चार मात्र उत्तर अमेरिकी आहेत हे ध्यानात ठेवा.

रोजच्या वापराला राइमझोन हे संकेतस्थळ पुरतं. शब्द टाका, यमकं अक्षरसंख्येप्रमाणे गटांत येतात. विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशातही ध्वनीनुसार लावलेली यमकांची पानं आहेत. यादी मिळाली की निम्मे शब्द तुम्हाला अनोळखी असतील. ते तसेच कवितेत टाकायचे नाहीत. आणि चॅटबॉटला विचारलंत तर प्रत्येक उत्तर गच्चीवरच्या हाकेनं तपासा. ‘ली’च्या भुलाव्यात तोही येतो.

आता अर्थ

शाळेत आपल्या मनावर ठसलेलं सूत्र असं: विशेषणाला ‘ली’ म्हणजे मराठीत ‘-पणे’. शांतपणे, नम्रपणे, स्पष्टपणे. दहातल्या सात-आठ वेळा ते चालतं, आणि उरलेल्या वेळी तोंडघशी पाडतं. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो राबतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे कामाच्या नावानं बोंब. ‘लेट’ उशिरा, ‘लेटली’ अलीकडे. ‘निअर’ जवळ, ‘निअरली’ जवळजवळ. पतंग ‘हाय’ उडतो, ‘हायली’ उडत नाही. ‘हायली’ म्हणजे अत्यंत. ‘शॉर्टली’ म्हणजे थोडक्यात नव्हे, थोड्याच वेळात. ‘बेअरली’ म्हणजे जेमतेम, आणि त्यात नकार दडलेला असतो, म्हणून सोबत ‘नॉट’ नको. ‘जिंजरली’ म्हणजे अगदी जपून, हळुवार. त्याचा आल्याशी काही संबंध नाही.

‘डिअरली’ बघा. प्रेमासोबत आला तर मनापासून, पैसे किंवा किंमत चुकवण्यासोबत आला तर जबर. ‘प्रेझंटली’ ब्रिटनमध्ये थोड्या वेळानं, अमेरिकेत बहुधा सध्या. म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून पळू नका. खालची दोन उदाहरणवाक्यं वाचा आणि तो शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते बघा.

मी एक साधी परीक्षा लावतो. क्रियाविशेषण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतंय? कसं, कधी, कुठे, किती, किती वेळा? ‘टाइटली’ कसं सांगतो, ‘स्लाइटली’ किती, ‘लेटली’ कधी. पाचांपैकी एकही प्रश्न लागू पडत नसेल तर दोन शक्यता. एक म्हणजे तो शब्द क्रियाविशेषणच नाही. ‘क्विकली’च्या यमकांत ‘सिकली’ म्हणजे रोगट आणि ‘प्रिकली’ म्हणजे काटेरी. दोन्ही बहुधा विशेषणं म्हणूनच येतात. होली, लोली, लोन्ली, स्टेटली, घोस्टली, फ्रेंडली हीसुद्धा तशीच. त्यांना यमकात बसवा, पण पुढे किंवा मागे नाम हवं. ‘ही स्पोक फ्रेंडली’ असं होत नाही.

दुसरी शक्यता, तो शब्द क्रियेबद्दल बोलतच नाही, बोलणाऱ्याचं मत सांगतो. फ्रँकली, लकिली, होपफुली असे शब्द. आणि इथे यमकाची घाई महागात पडते. ‘हॅपिली, ही डिड नॉट डाय’ म्हणजे सुदैवानं तो वाचला. ओळीचा शेवट जुळावा म्हणून तोच शब्द मागे ढकला: ‘ही डिड नॉट डाय हॅपिली’. आता बिचारा मेला, आणि सुखानंही मेला नाही. एका शब्दाची जागा हलवली आणि माणूस गेला. ओळ फिरवलीत की तिचं मराठी मोठ्यानं म्हणून बघा, मगच पुढे जा.

भाचीबरोबर हे सगळं करायला तीन संध्याकाळी गेल्या. तिनं ‘ब्राइटली’चं घराणं निवडलं. विषय आमच्या घरचाच होता: लाइट गेलेले, आजीच्या हातात कंदील आणि वर कौलं.

ग्रँडमा होल्ड्स द लँटर्न टाइटली,
रेन इज नॉकिंग, नॉट पोलाइटली;
टाइल्स आर लीकिंग, ओन्ली स्लाइटली,
धिस इज हाऊ इट हॅपन्स नाइटली.

आम्ही एकेका शब्दाला प्रश्न लावला. टाइटली: कसं? घट्ट. पोलाइटली: कसं? सभ्यपणे, पण मागे ‘नॉट’, म्हणजे पाऊस धसमुसळा. स्लाइटली: किती? जरासं. ‘नाइटली’ला तिनं ‘रात्री’ असं लिहिलं होतं. मी शब्दकोश तिच्यापुढे सरकवला. प्रश्न ‘कधी’चा नव्हता, ‘किती वेळा’चा होता: दर रात्री. तिनं वर छताकडे पाहिलं, कोपऱ्यात ठेवलेल्या पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग बरोबरच आहे, मामा. राहू दे.”